तीन सुलतान आणि दोन साडू

विजापूरला जाणाऱ्या माणसाने एक गोष्ट मनाशी धरूनच निघावे. तिथे जो भेटेल तो त्याला आकडे सांगणार. टांगेवाला आकडे सांगतो, चहावाला सांगतो, आणि गोलघुमटाच्या दारातला गाईड तर आकड्यांखेरीज बोलतच नाही. घुमटाचा बाहेरून व्यास १४४ फूट. भिंती दहा फूट जाड. आतली जमीन १८ हजार चौरस फुटांच्या वर, आणि तेवढ्या जागेत मध्ये एक खांब नाही! एवढे सांगून झाले, की तो किंचित थांबतो, घसा खाकरतो आणि ठेवणीतला आकडा बाहेर काढतो, "साहेब, जगात नंबर दोन!"

मी ३४ वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. त्यामुळे कोणी नंबर सांगितला, की तो कशात, हे विचारल्यावाचून मला राहवत नाही. पहिला नंबर म्हणे रोमच्या सेंट पीटरचा. पण त्याच रोममध्ये दुसऱ्या शतकात उभे राहिलेले पॅन्थिऑन आहे, आणि त्याचा घुमट आतून सुमारे १४२ फूट भरतो. आपला गोलघुमट आतून भरतो सुमारे १२४. फ्लॉरेन्सचा पंधराव्या शतकातला घुमटही आपल्याहून मोठाच. म्हणजे नंबर दोन काही टिकत नाही. उलट, घुमटाखालची मोकळी जमीन मोजली तर आपण त्या पॅन्थिऑनलाही मागे टाकतो. आणि अलीकडच्या पोलादाच्या नि काँक्रीटच्या घुमटांना स्पर्धेत घेतले, तर सगळ्याच जुन्या मंडळींना मागच्या बाकावर जाऊन बसावे लागेल. ज्याला जसा नंबर हवा, त्याने तशी मोजपट्टी आणावी. गाईडला मी हे सांगितले नाही. त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?

आम्हां सोलापूरकरांना तसे विजापूर परके नाही. अंतर शंभर किलोमीटरांचे. १९५६ पर्यंत दोन्ही जिल्हे एकाच मुंबई राज्यात होते. भीमा ओलांडली की पाट्या कानडी होतात. पण काळी जमीन तीच, ज्वारी तीच, कडक भाकरी आणि शेंगांची चटणीही तीच. २०१४ साली गावाचे नाव सरकारने विजयपुरा केले, तरी आमच्या तोंडून विजापूरच निघते. लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर मीटरगेजच्या गाडीने मी इथे आलो होतो, तेव्हाचे एवढेच आठवते, की घुमटाखाली सगळ्या वर्गाने मिळून गुरुजींच्या नावाने आरोळी ठोकली होती आणि घुमटाने ती इमानेइतबारे सात वेळा परत केली होती.

गेल्या दिवाळीत भाऊबीज उरकल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा जाणे झाले, ते साडूंच्या मोटारीतून. साडू हे नाते आपल्याकडे कोणी निर्माण केले कोण जाणे, पण त्याने मनुष्यस्वभावाचा बारीक अभ्यास केलेला असावा. भावाभावांत तुलना झाली तर आईबाप सावरून घेतात. शेजाऱ्याशी झाली तर फार तर घर बदलता येते. साडूपासून मात्र सुटका नाही. एकाच सासऱ्याच्या दोन मुली, एकाच अंगणात खेळलेल्या, एकाच ताटात जेवलेल्या. तेव्हा पुढे कोणीचे कसे चालले आहे, हे पाहण्याचा सगळ्या सासरवाडीला जणू कायदेशीर हक्कच असतो. लग्नकार्यात आम्ही दोघे शेजारी शेजारी उभे राहिलो, की आम्हां दोघांच्या डोक्यांवर उंचीच्या पट्ट्या ठेवल्याचा भास मला नेहमी होतो.

माझे साडू पुण्यात एका मोठ्या कारखान्यात खरेदीखात्याचे प्रमुख होते. आता निवृत्त आहेत. त्यांचा दुमजली बंगला आहे, मोटार आहे, आणि मुलगा गेली अकरा वर्षे अमेरिकेत आहे. माझे सोलापुरात चार खोल्यांचे बैठे घर आहे, वर गच्ची आहे, आणि मुलगा गावातल्याच एका सहकारी बँकेत आहे. साडू मोठे सज्जन. त्यांनी कधी एका शब्दाने मला कमी लेखलेले नाही. पण सज्जन माणसाच्या बंगल्यालासुद्धा दोन मजले असतात, ते दिसतातच. तर त्या दिवशी माझ्या सदऱ्याच्या खिशात एक घडी केलेला कागद होता. आमच्या घरावर एक मजला चढवण्याचे कंत्राटदाराने दिलेले ते अंदाजपत्रक. भविष्यनिर्वाह निधीतली बरीचशी रक्कम त्यात जायची होती, उरलेले कर्ज. सोमवारी बँकेत सही करायची होती. साडूंना अशा कामांतले कळते, सवडीने त्यांना दाखवू, म्हणून कागद बरोबर घेतला होता. 'दाखवू' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको.

असो. सकाळी आठाच्या आत आम्ही गोलघुमटाशी पोचलो. हे मात्र ज्यांना जायचे असेल त्यांनी लक्षात ठेवावे. नऊनंतर शाळांच्या सहली येतात, आणि मग त्या घुमटात आपला आवाज आपल्यालाही ओळखू येत नाही.

बाहेरून पाहिले तर गोलघुमट देखणा नाही, हे माझे मत मी मागे घेणार नाही. एक प्रचंड चौकोनी ठोकळा, चार कोपऱ्यांना सात-सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे, आणि वर पालथी घातलेली ती कढई. नक्षी म्हणावी तर घुमटाच्या बुडाशी पाकळ्यांची एक माळ. पण आत पाऊल टाकले, की माणूस आपसूक गप्प होतो. डोळे वर जातात आणि खाली यायला तयार होत नाहीत. मधल्या चौथऱ्यावर मुहम्मद आदिलशाह, त्याच्या दोन राण्या, रंभा नावाची त्याची आवडती नर्तकी, मुलगी आणि नातू यांच्या कबरी आहेत. खऱ्या कबरी खाली तळघरात. एवढ्या मोठ्या जागेत त्या सहा कबरी म्हणजे रिकाम्या मैदानात कोणी विसरून गेलेली सहा गाठोडी वाटतात.

हा मुहम्मद १६२७ साली गादीवर आला. आपले शहाजीराजे पुढे याच्याच पदरी होते. त्याचा बाप दुसरा इब्राहिम. गावाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेच्या तटाबाहेर, त्याची कबर आहे. तिला इब्राहिम रौझा म्हणतात. ती अशी नाजूक, अशी कोरीव, की तिच्यापुढे कोणी काय कोरावे! इतिहासकार सांगतात, की नाजूकपणात बापावर मात होणे शक्य नाही हे ओळखून मुहम्मदाने आकाराचा रस्ता धरला. जे बापाने केले ते करायचेच नाही. जे त्याच्या मनातही आले नसेल ते करायचे. १६५६ साली तो वारला आणि आपल्या या अवाढव्य घरात कायमचा राहायला आला.

मनोऱ्यातला जिना अरुंद आणि उभा आहे. हिचे गुडघे दुखतात, म्हणून ही खालीच थांबली. साडू, त्यांच्या पत्नी आणि मी दम खात खात सात मजले चढलो. घुमटाच्या बुडाशी आतून जो वर्तुळाकार सज्जा आहे तोच तो प्रसिद्ध कुजबुजीचा सज्जा. अकराएक फूट रुंद, आणि खाली पाहिले की पोटात खड्डा पडतो. इथे भिंतीशी तोंड नेऊन एकाने पुटपुटावे आणि समोरच्या भिंतीशी बसलेल्याने कान लावून ऐकावे. गाईडने कागद टरकावला, तो मला पलीकडे बसून कानाशी टरकावल्यासारखा ऐकू आला. प्रयोग झाला, गाईड दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे गेला. मी जरा श्वास घेत तिथेच भिंतीला टेकून बसलो. समोर, १२४ फुटांवर, साडू आणि त्यांच्या पत्नी तसेच टेकून बसले होते. एवढ्या लांबून ती दोन लहान मुले वाटत होती.

आणि माझ्या कानाशी साडूंचा आवाज आला, "यांचं बरं आहे गं. संध्याकाळी साडेसहाला मुलगा घरी येतो. आपण एवढं बांधून ठेवलंय. वरच्या मजल्यावर दिवा लावायलासुद्धा कोणी नाही."

त्या काय म्हणाल्या ते मी ऐकले नाही. कान भिंतीपासून बाजूला घेतला. (हा मजकूर साडूंना वाचून दाखवला आहे. त्यांनी एवढेच सुचवले, की मोटार कोणती ते लिहू नका. म्हणून लिहिलेले नाही.)

ते वाक्य ऐकून मला क्षणभर फार बरे वाटले. कोणालाही वाटले असते. तीस-पस्तीस वर्षे जो माणूस आपल्यापेक्षा एक पायरी वर उभा आहे असे सगळे समजतात, त्याने आपल्याकडे मान वर करून पाहावे! पण सज्ज्यावरून उतरता उतरता, म्हणजे पाचव्या मजल्याच्या आसपास, माझ्या ध्यानात येऊ लागले, की यात बदललेले काहीच नाही. तराजू तोच आहे. फक्त पारडे माझ्या बाजूला झुकले आहे. उद्या माझ्या मुलाची बदली झाली, की ते पुन्हा वर जाईल. आणि ज्याच्याकडे पाहून मी मजला चढवायला निघालो होतो, तो त्याच मजल्याकडे पाहून उसासे टाकीत होता, ही गंमत वेगळीच. जिना उतरायला मला जरा वेळ लागला. साडूंनी खालून हाक मारून विचारले, "पाय दुखतायत का?"

तिथून गावाच्या मध्यावर आलो, ते बारा कमान पाहायला.

गोलघुमट पाहून झाल्यावर बारा कमान पाहणे आवश्यक आहे, असे मी आग्रहाने सांगेन. पुष्कळ लोक पाहत नाहीत. 'तिथे काय आहे? नुसत्या कमानी,' म्हणतात. खरेच, नुसत्या कमानी आहेत. एक भला थोरला उंच चौथरा, त्यावर काळ्या दगडाच्या टोकदार कमानींच्या रांगा, आणि वर आभाळ. छत नाही, घुमट नाही, गिलावा नाही. हा मुहम्मदाचा मुलगा दुसरा अली, याची कबर. मूळ नाव अली रौझा. बापाच्या घुमटाहून मोठे काही बांधायचे, असा त्याचा बेत होता म्हणतात. याची सावली गोलघुमटावर पडावी, अशी त्याची इच्छा होती, इथपर्यंत गावातले लोक सांगतात. अलीने राज्य केले १६५६ ते १६७२. ही वर्षे ओळखीची वाटतात ना? याच वर्षांत आपल्याकडे प्रतापगड झाला, पन्हाळ्याचा वेढा झाला. आणि नंतर मोगलांच्या वतीने मिर्झाराजे जयसिंग विजापूरवर चालून आला. अशा धामधुमीत सुलतानाला आपल्या कबरीच्या कमानी मोजायला किती फुरसत मिळाली असेल! तो वारला, काम थांबले, आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने राज्यच घेतले. पुढे छत घालायला कोणी उरले नाही.

साडू चौथऱ्यावर उभे राहून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "तरी पण मी म्हणतो, चढाओढ नसती तर तो गोलघुमट झाला असता का? बापाशी स्पर्धा होती म्हणून तर मुहम्मदानं एवढं केलं."

मुद्दा बिनतोड होता. खरेदीखात्यात मुरलेला माणूस मालाची किंमत बरोबर ओळखतो. मी विचार करून म्हटले, "पण पाहा, मुहम्मदानं बापाची मोजपट्टी बापाकडेच ठेवली. त्यानं कोरीवकामात हात घातलाच नाही. त्याला जे जमणार होतं ते त्यानं केलं. अलीनं मात्र बापाचीच पट्टी उचलली. बापाचं जे मोठं, तेच आपलं आणखी मोठं."

"आणखी वीस वर्षं जगता तर पुरं केलंही असतं," साडू म्हणाले. तेही खरेच. अली गेला तो ऐन तारुण्यात. मेलेल्या सुलतानांवर गणिते मांडण्यात फार अर्थ नसतो.

आमचा हा वाद चालला असताना ही कमानींतून वर पाहत होती. मध्येच म्हणाली, "वर छप्पर नाही तेच बरं झालं. ऊन किती छान येतंय." मग जरा थांबून, मजकडे न पाहता, "अहो, तो वरचा मजला झाला की गच्ची अजून एक जिना वर जाणार. कुरडया नि सांडगे घेऊन मी कशी चढू हो?"

गेले दोन महिने घरात मजल्याची चर्चा चालू होती. चार माणसे आणि चार खोल्या, तेव्हा वर कोण राहणार, हा प्रश्न तिने एकदाच विचारला होता आणि मी 'उद्या पाहुणेरावळे आले तर' असे मोघम उत्तर दिले होते. कुरडयांचा मुद्दा नवीन होता. त्याला उत्तर नव्हते.

दुपारी वाटेत मुलुख-मैदान तोफ पाहिली. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, पंचावन्न टन वजनाची, आणि सिंहाच्या जबड्यात हत्ती कोंबलेला असे तिचे तोंड. १८५४ साली हिचा लिलाव पुकारला तेव्हा बोली दीडशे रुपयांवर थांबली होती म्हणतात. पुढे विक्री रद्द झाली म्हणून तोफ उरली. जवळच उपली बुरूज आहे. त्याची आख्यायिका अशी, की तट बांधायचे काम सरदारांना वाटून दिले तेव्हा हैदरखान मोहिमेवर होता. परत येऊन पाहतो तो आपल्या वाट्याला काहीच नाही! म्हणून त्याने सगळ्यांहून उंच, ऐंशी फुटी बुरूज बांधला. तटापासून इतका आत, की तो उंच आहे एवढे मात्र दुरून दिसते. आम्ही वर चढलो नाही. एका दिवसात एवढ्या पायऱ्या पुरे.

इब्राहिम रौझ्यात शिरलो तेव्हा उन्हे कलली होती. एका उंच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, एक कबर आणि एक मशीद, मध्ये हौद. दोन्ही एकमेकींकडे तोंड करून उभ्या, दोन बहिणी उंबऱ्यावर बोलत बसाव्यात तशा. आकाराने गोलघुमटापुढे अगदीच लहान. पण जवळ गेले की नजर हालत नाही. खिडक्यांच्या दगडी जाळ्या अक्षरांच्या आहेत. ओळीच्या ओळी दगडात आरपार कोरल्या आहेत, आणि उजेड अक्षरांमधून आत येतो. आत कबरीच्या खोलीवर ४० फूट रुंदीचे दगडी छत आहे. मधला भाग अगदी सपाट, दगडाला दगड लावून जोडलेला, खाली आधार दिसत नाही. पावणेचारशे-चारशे वर्षे ते तसेच आहे.

हा इब्राहिम मोठा रसिक राजा. गाण्याचा वेडा. दख्खनी भाषेत त्याने 'किताब-इ-नौरस' लिहिली, तिच्यात सरस्वतीला आणि गणपतीला वंदन आहे, आणि लोक त्याला जगद्‌गुरू म्हणत. ही इमारत मुळात त्याच्या राणीसाठी, ताज सुलतानासाठी, बांधायला घेतलेली. तो आधी गेला, म्हणून तिथे आधी तोच विसावला. पुढे राणी, त्याची आई, मुले. पण कोणी असे समजू नये, की इथे सगळा नम्रपणाच भरला आहे. भिंतीवरच्या फार्सी लेखात स्वर्गालाही अचंबा वाटला अशा थाटाची बढाई आहे, आणि काम पुरे करणाऱ्या मलिक संदलच्या नावाबरोबर खर्चाचा आकडाही आहे, दीड लाख होनांच्या वर. आकडा नाही अशी इमारत विजापुरात नाहीच म्हणा! फरक एवढाच, की त्या बढाईत दुसऱ्या इमारतीचे नाव नाही.

बायका मशिदीच्या पायऱ्यांवर बसल्या. बहिणीबहिणींचे काहीतरी हलक्या आवाजात चालले होते. इथे भिंती कान धरून नसल्यामुळे ऐकू आले नाही. आम्ही दोघे साडू हौदाच्या काठावर टेकलो.

"एक विचारू का?" साडू म्हणाले. "तुम्ही गणितवाले. तो सकाळचा घुमट उभा राहतो कसा हो? खाली चौकोनी खोली, वर गोल घुमट. मध्ये काय आहे? गाईडनं दहा आकडे सांगितले, पण हे काही सांगितलं नाही."

मला इतका आनंद झाला, की विचारू नका. निवृत्त झाल्यापासून मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. खिशात हात घातला, कागद निघाला, मागची बाजू कोरी होती. त्यावर एक चौकोन काढला. त्याच्यावर दुसरा चौकोन, पंचेचाळीस अंशांतून फिरवलेला. झाली आठ टोके, आणि मध्ये उमटला अष्टकोन. या रेघा म्हणजे कमानी. भिंतीपासून निघून त्या एकमेकींना छेदत आत झुकतात आणि चौकोनाचा हळूहळू वर्तुळाशी समेट घडवतात. घुमटाचे वजन कमानींना बाहेर ढकलते. पण आत झुकलेल्या या कोनांचे वजन आतल्या बाजूला ओढते. दोन्ही ओढी एकमेकींना धरून ठेवतात. म्हणून खांब लागत नाही.

साडूंनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला. बोटाने एक एक रेघ पुन्हा गिरवली. "वा!" म्हणाले. "मला साठ वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं." मग कागद उलटून पाहिला. "हे काय? सिमेंट, सळई, वाळू..."

"काही नाही. एक हिशोब होता."

"लागणार आहे का तुम्हांला? नातवाला फोटो काढून पाठवतो याचा. त्याला भूमिती आवडते म्हणे."

"ठेवा तुमच्याकडेच," मी म्हटले.

त्यांनी कागदाची जपून घडी घातली आणि पाकिटात ठेवली. तेवढ्यात हिने पायऱ्यांवरून हाक मारली. भाकरीचा डबा उघडला होता, आणि शेंगांची चटणी घरून आणायची विसरली म्हणून दोघी बहिणी एकमेकींना दोष देत होत्या.